माणकेश्वरची चकमक आणि ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक

युद्धस्मारक पदकाचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग करताना त्यावर काय कोरले आहे याइतकेच काय कोरलेले नाही, हे पाहणेही अगत्याचे असते. धाराशिव जिल्ह्यात घडलेली एक चकमक या दृष्टीने उद्बोधक आहे.

देवगाव (17 डिसेंबर 1803) व सुर्जी-अंजनगाव (30 डिसेंबर 1803) येथील तहांनी भोसले व शिंदे यांच्याशी चाललेले इंग्रजांचे युद्ध थांबले. तथापि निजामाच्या मुलखात लुटारू टोळ्यांचा उपद्रव चालूच होता. त्यांच्या पाठलागावर निघालेला जनरल आर्थर वेलस्ली परांड्याच्या परिसरात पोहोचला आणि रात्री पुन्हा कूच करून 5 फेब्रुवारी 1804 रोजी त्याने त्या टोळ्या उधळून लावल्या. त्याच्या पत्रव्यवहारातील ‘मंकैसीर’ म्हणजे भूम तालुक्यातील माणकेश्वर, असे मानणे सयुक्तिक ठरते.

पुढे 1851 साली ‘आर्मी ऑफ इंडिया’ हे रौप्यपदक मंजूर झाले. त्याचा खर्च ईस्ट इंडिया कंपनीने सोसला. पदकावर 1799-1826 हा काळ नमूद असून फितीवर लढाईचे नाव कोरलेली आडवी पट्टी असे. पट्टीवाचून पदक दिले जात नसे. एकूण 21 पट्ट्यांत आसई, अडगाव, गाविलगड, खडकी, सीताबर्डी, कोरेगाव ही नावे आढळतात. माणकेश्वर आढळत नाही. शिवाय पदक हयात दावेदारांपुरतेच होते. आसईनंतर 48 वर्षांनी असे शिपाई कितीसे उरले असणार?

याच्याशी जर्मनीतील प्रथा ताडून पाहावी. 1870-71 च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धाचे स्मारकपदक पहिल्या विल्हेल्मने 1871 सालीच स्थापिले. लढवय्यांची पदके जिंकलेल्या फ्रेंच तोफांच्या काशाची, तर इतरांची पोलादाची होती. लढायांच्या नावांच्या पट्ट्या मात्र 1895 साली, म्हणजे विजयाच्या पंचविसाव्या वर्षी, आल्या. तेथे पदक आधी व नावे मागाहून; येथे नावावाचून पदकच नाही.

माणकेश्वरचा प्रसंग तहानंतरचा, आणि प्रतिपक्ष कोणतेही राज्य नव्हे. म्हणूनच तो वगळला गेला असावा, असे अनुमान निघते. तात्पर्य, पदकावरील नावांची यादी ही लढायांची नोंद नसून राज्यकर्त्यांनी केलेली निवड होय. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्यावर विसंबून आपल्या गावाचा इतिहास कोरा समजू नये.