तळटीप : ‘स्लॉप्स’

१. स्लॉप्स : सांडलेला, हिंदकळून बाहेर आलेला पातळ पदार्थ, गबाळ्या कामाला ‘स्लॉपी’ म्हणतात ते त्यातूनच. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी घरात या शब्दाचा अर्थ खोलीगणिक बदले. चहाच्या टेबलावरचे ‘स्लॉप बेसिन’ म्हणजे कपात उरलेला गार चहा आणि चोथा ओतायचे चिनीमातीचे भांडे. डुकरांपुढे ठेवायचे खरकटे पाणीही स्लॉप्सच. निजायच्या खोलीतून मोलकरीण जी झाकणाची बादली खाली नेई, तिच्यात मात्र तोंड धुतलेले पाणी आणि रात्रीच्या भांड्यातले मूत्र एकत्र असे. प्रस्तुत प्रकरणात हाच अर्थ आहे. ‘सांडपाणी’ असा सोवळा शब्द योजला असता तर त्या मुलीचे रोजचे कष्ट झाकले गेले असते, म्हणून मूळ शब्द राखला.

तुरुंगांत ही बादली फार काळ टिकली. कोठडीत संडास नसे. कैदी सकाळी रांगेने बादल्या रित्या करत. याला ‘स्लॉपिंग आउट’ म्हणत. इंग्लंडमध्ये ही प्रथा अधिकृतपणे १९९६ साली संपली. स्कॉटलंडमध्ये ती चालूच होती. ग्लासगोच्या बार्लिनी तुरुंगातील रॉबर्ट नेपियर या कैद्याने तिथे दाद मागितली आणि २००४ मध्ये न्यायालयाने ही वागणूक मानवी हक्कांचा भंग ठरवली. हा निकाल खूप आधी यायला हवा होता.

खलाशांच्या तयार कपड्यांनाही ‘स्लॉप्स’ म्हणत. वाचकांनी त्याची इथे गल्लत करू नये. — संपादक