जिंकणाऱ्याने उठू नये म्हणे!

१९९४ ची दिवाळी. लक्ष्मीपूजन आटोपलं आणि आजोळच्या शेजारच्या वाड्यात माडीवर सतरंजी पडली. तीन पत्ती. मी बारा वर्षांचा, पाण्याचा तांब्या आणि पानाचं तबक वर नेऊन द्यायचं काम माझ्याकडे. मामा प्राथमिक शाळेत मास्तर, वर्षातून या एकाच रात्री खेळायचा. त्या रात्री त्याला पानं अशी लागली की अकराच्या सुमाराला त्याच्यापुढे दोन हजारांच्या वर रक्कम साठली. रुमालात पैसे बांधून तो उठायला लागला, तर वाड्याचे मालक म्हणाले, "काय मास्तर, जिंकून उठता होय? पंगत उठायच्या आत कोणी हात धुतं का?"

सगळे हसले. मामा ओशाळला आणि खाली बसला. पहाटे चारला उठला तेव्हा जिंकलेलं तर गेलंच, पण सणासाठी मिळालेली उचलही गेली. त्या उचलीतून मामीला शिलाई मशीन घ्यायचं ठरलं होतं. मामी काही बोलली नाही. पाडव्याला ओवाळलंसुद्धा.

जिंकून उठणं हा असभ्यपणा, हे तेव्हा डोक्यात पक्कं बसलं. पुढे पत्त्यांच्या इतिहासाचा नाद लागला आणि कळलं की ही समजूत आपल्या गावापुरती नाही. पोकर हा अमेरिकन खेळ. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लीन्सच्या आसपास वाढला आणि मिसिसिपी नदीच्या आगबोटींवरून देशभर गेला. तिथेही मोठा डाव मारून लगेच उठणाऱ्याला नावं ठेवतात. 'हिट अँड रन' म्हणतात, म्हणजे गाडीनं उडवून पळून जाणाऱ्याला जो शब्द, तोच याला!

गंमत अशी, की पोकरचा लेखी नियम नेमका याच्या उलट आहे. टेबलावर जेवढे पैसे मांडलेत तेवढेच पणाला लागतात. खिशात हात घालायला लावून कोणी तुम्हाला डावातून हुसकावू शकत नाही. त्या बदल्यात एक बंधन: बसलेले असेपर्यंत जिंकलेल्यातले थोडे गुपचूप खिशात सरकवायचे नाहीत, कारण हरलेल्याला ते परत जिंकायची संधी हवी. पण सगळंच्या सगळं घेऊन उठायचं तर केव्हाही उठा. उठून थोड्या वेळात परत आलात, तर बहुतेक ठिकाणी जेवढे घेऊन गेलात तेवढे घेऊनच बसावं लागतं. एवढंच. हा हिशेब मला तरी चोख वाटतो.

मग नावं ठेवायची रीत आली कुठून? हरलेल्याची जळजळ हे एक कारण, ते आहेच. पण दुसरं कारण कॅलिफोर्नियातल्या गार्डेना गावात नीट दिसतं. १९३६ पासून तिथे पोकरचे क्लब कायद्याने चालायचे. क्लबला कोण जिंकलं, कोण हरलं याच्याशी देणंघेणं नव्हतं. दर अर्ध्या तासाला प्रत्येक खुर्चीचं भाडं गोळा व्हायचं, बस्स. खुर्ची रिकामी झाली की भाडं बुडालं. म्हणून क्लब स्वतः पगार देऊन माणसं ठेवायचे. टेबलावर गडी कमी पडले की त्यांनी जाऊन बसायचं, डाव मोडू द्यायचा नाही.

आपल्याकडे हे फार जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जुगारावर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी आहे, द्यूताध्यक्ष. खेळ एकाच ठरलेल्या जागी चालवायचा, दुसरीकडे खेळलात तर बारा पण दंड, आणि जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच अध्यक्षाचे. हरणारा कोणीही असो, सरकारचे पाच पक्के! 'मृच्छकटिका'तला संवाहक आठवा, देवलांच्या नाटकामुळे मराठी माणसाला तो ओळखीचा आहे. दहा सुवर्णनाणी हरून तो पळतो, उलटी पावलं टाकत रिकाम्या देवळात शिरतो आणि मूर्ती होऊन उभा राहतो. अड्ड्याचा मालक तिथपर्यंत माग काढतो. शोध थांबवून ते दोघं तिथेच फासे टाकायला बसतात, आणि तो आवाज ऐकून ही मूर्ती स्वतःच पुढे येते.

हरलेल्याला वसुलीने धरून ठेवतात. ज्याच्या हातात पैसे आहेत त्याला धरायला सभ्यतेचा धाक लागतो. महाभारतातलं वस्त्रहरण सगळ्यांना पाठ असतं, पण मला त्याच्या पुढचा भाग जास्त बोचतो. धृतराष्ट्राने सगळं परत दिलं होतं. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले होते, म्हणजे आपलं सगळं घेऊन उठले होते! वाटेतून परत बोलावलं आणि युधिष्ठिर परत आला. बोलावणं आलं तर नाही म्हणू नये, ही त्याची रीत. त्या दुसऱ्या डावात तेरा वर्षं गेली.

आता वाड्याकडे येतो. मी तबक घेऊन वर-खाली करत होतो तेव्हा मालकांच्या मांडीजवळ एक पितळी डबा होता. प्रत्येक डाव संपला की जिंकणारा त्यात काहीतरी टाकायचा. मला वाटायचं, चहा-फराळाचे असतील. ती नाल होती. मालक स्वतः त्या रात्री फार खेळलेच नाहीत. मामा अकराला उठता तर डाव मोडला असता आणि डबा अर्ध्यावर राहिला असता.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात जुगारअड्ड्याची व्याख्या बघा. पत्ते-फासे ठेवणाऱ्या जागेच्या मालकाला त्यातून फायदा होतो का, हा त्या व्याख्येचा गाभा. तो पितळी डबा शंभर वर्षं आधीच लिहून ठेवला होता म्हणायचा.

गोव्याने १९७६ च्या आपल्या जुगारबंदी कायद्यात पुढे दुरुस्त्या केल्या आणि पंचतारांकित हॉटेलं व जहाजांना वाट करून दिली. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजांवर मी एकदा जाऊन आलो, खेळलो नाही. तिथे कोणी टोमणा मारत नाही. जेवण पुढ्यात येतं, गाणी चालू असतात, आणि घरी जायचं तर किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या बोटीची वाट बघायची असते. टेबलं मात्र मागेच, चार पावलांवर.

घरगुती डावात मात्र जिंकणाऱ्याने पाच मिनिटांत उठणं मलाही आवडत नाही, हे कबूल करतो. आपण एकमेकांच्या सोबतीला बसलेलो असतो. त्यावर साधा उपाय म्हणजे किती वाजता उठायचं ते पहिलं पान पडायच्या आधी बोलून टाकणं.

आमच्याकडे अजूनही लक्ष्मीपूजनाच्या रात्री सतरंजी पडते. डबा नसतो. वेळ मामी ठरवते. साडेदहाला ती माडीवर येते, कोण जिंकतंय ते विचारतही नाही, आणि पत्ते गोळा करते. शिलाई मशीन तिने १९९७ मध्ये स्वतःच्या भिशीतून घेतलं. मामा अजून त्याला तेल घालतो.