लग्न ठरवतं कोण? मराठी रोमँटिक कॉमेडी वाचताना

मंडळी, सावनेरात उभं राहून हसऱ्या प्रेमकथांवर बोलायचं, तर सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच पडत नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी याच गावात गेले. वय अवघं तेहतीस, क्षयानं शरीर पोखरलेलं, भावाच्या आसऱ्याला आलेले. आणि त्या आजारपणात त्यांनी पूर्ण केलं ते नाटक कोणतं? 'भावबंधन'. म्हणजे 'एकच प्याला'सारखी शोकांतिका नव्हे, तर ज्यात माणसं प्रेमात पडतात, घोटाळे होतात, प्रेक्षक पोट धरून हसतात आणि शेवट गोड होतो, असं नाटक. मरणाच्या दारात बसलेला माणूस लग्नं जुळवत होता!

आता आजचा विषय. रोमँटिक कॉमेडी कादंबरीच्या रूपात वाचायची असेल तर मराठीत काय वाचावं? नव्या वाचकानं कुठून सुरुवात करावी, आणि ज्यांचे केस वाचनात पिकले त्यांना काय सुचवावं? यादी देणं सोपं आहे, पण ती देण्याआधी एक अडचण सांगायला हवी. मराठीत या जातीची कादंबरी शोधायला गेलं की हात बराचसा रिकामाच परत येतो. जे सापडतं ते नाटकात, नाहीतर विनोदी लेखांत. असं का झालं असावं?

आम्हाला वाटतं, याचं उत्तर साहित्यापेक्षा घरात शोधलं पाहिजे. रोमँटिक कॉमेडीला एक अट लागते. दोघांना एकमेकांना भेटता आलं पाहिजे, आणि मुख्य म्हणजे मुलीला 'नाही' म्हणता आलं पाहिजे. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ची. तिच्या नायिकेवरही लग्नाचा दबाव आहे, पैशाची चणचण आहे, पण ती नाचाच्या समारंभाला जाते, बोलते, टोमणे मारते आणि आलेली मागणी धुडकावते. सगळी गंमत त्या नकारात आहे. आपल्याकडे त्याच शतकाच्या शेवटी हरि नारायण आपटे 'पण लक्षात कोण घेतो' लिहितात, तेव्हा त्यांच्या यमूला नकार द्यायची सोयच नाही. लहानपणीच लग्न, मग वैधव्य. अशा घरात विनोदी प्रेमकथा कुठून उगवणार? मराठी कादंबरी गंभीर झाली, कारण लग्न हीच तिच्यासाठी गंभीर बाब होती.

मग प्रेमाची गंमत गेली कुठे? ती रंगभूमीवर गेली. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' घ्या. आधी १८९३मध्ये गद्य 'फाल्गुनराव', मग १९१६मध्ये संगीत रूप. मूळ मोलिएरचं, इंग्रजीच्या वाटेनं आलेलं. एक तसबीर हरवते आणि सगळे एकमेकांवर संशय घेत सुटतात. आजही वाचा, हसू येतं. पण एक गोष्ट बघा. यातली प्रेमात पडणारी, रुसणारी, प्रियकराला जाब विचारणारी रेवती कोण आहे? नायकिणीची मुलगी. कुलीन घरातल्या मुलीला आश्विनशेठशी असं मोकळं बोलताच आलं नसतं. म्हणजे त्या काळात प्रेमाच्या विनोदासाठी लेखकाला घराबाहेरची बाई शोधावी लागली. आम्हाला हे त्या नाटकातलं सगळ्यात बोलकं ठिकाण वाटतं.

घरातल्या मुलीवर विनोद झाला तो वेगळ्या तऱ्हेनं. इथं आपल्या नागपूरचा संबंध येतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा जन्म नागपूरचा, १८७१चा. पुढे वकिली खामगाव, जळगाव जामोदला. त्यांच्या 'सुदाम्याचे पोहे'मधल्या सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या या त्रिकुटानं रूढींची यथेच्छ टर उडवली. गडकरी त्यांना गुरू मानत. गुरूच्या त्रिकुटावरून शिष्यानं बाळकराम, तिंबूनाना, भांबूराव असं दुसरं त्रिकूट उभं केलं, आणि तिंबूनानांच्या ठकीचं लग्न जमवायची मोहीम काढली. वरसंशोधन, बोलणी, लग्न मोडण्याची कारणं... अक्षरशः लढाईची भाषा! नव्या वाचकाला आम्ही पहिलं पुस्तक हेच देऊ. छोटे लेख आहेत, एका बैठकीत एक संपतो, आणि भाषेचा असा धबधबा दुसरीकडे मिळत नाही.

पण वाचताना एक लक्षात ठेवा. ठकीच्या मनात काय आहे, हा प्रश्न त्या मोहिमेत कुठे उभाच राहत नाही. गडकरी हसतात ते लग्नाच्या बाजाराला, हे खरं. तरी हसण्याचे शिंतोडे ठकीच्या अंगावरही उडतात. याच लेखकाच्या 'प्रेमसंन्यास'मध्ये विसरभोळा गोकुळ आपल्याला हसवतो आणि शेजारीच विधवेच्या प्रेमाची शोकांतिका चालू असते. आणि 'भावबंधन'मध्ये तर लतिका घनश्यामचा अपमान करते, आणि त्या अपमानाचा सूड म्हणून तो सगळं कारस्थान रचतो. मुलीनं पुरुषाला हसणं किती महाग पडू शकतं, हे त्या विनोदी नाटकाच्या पोटात आहे. दीनानाथ मंगेशकरांनी ही लतिका रंगवली. बाईचा तो ठसका रंगमंचावर पुरुषानं दाखवला, हाही त्या काळाचाच भाग.

बदल आला तो कॉलेजमुळे आणि थोडा कायद्यामुळे. १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं मुलीचं किमान वय चौदा, मुलाचं अठरा केलं. हरविलास सारडांच्या नावावरून तो सारडा कायदा. आपल्याकडे तो झाला 'शारदा कायदा', आणि पुष्कळांच्या डोक्यात देवलांची शारदाच बसली. ही चूक आम्हाला आवडते. असो. याच सुमाराला ना. सी. फडके 'जादूगार' (१९२८) आणि 'दौलत' (१९२९) घेऊन येतात. तरुण-तरुणी एकमेकांना भेटतात, चेष्टा करतात, गैरसमज करून घेतात. कादंबरीला शेवटी ती अट पुरी झालेली मिळाली. समीक्षकांनी फडक्यांना पुष्कळ झोडपलं, त्यातलं काही रास्तही आहे, कारण त्यांच्या जगात पैशाची ददात फारशी दिसत नाही. पण संवादातला खेळकरपणा मराठी कादंबरीला त्यांनी दिला, हे नाकारता येत नाही. सुरुवातीला 'जादूगार' घ्यावी.

मुरलेल्या वाचकांना मात्र आम्ही एक जोडी सुचवू. १९३३ साली आचार्य अत्र्यांचं 'साष्टांग नमस्कार' आलं. नमस्काराच्या वेडानं पछाडलेले रावबहादूर आणि त्यांच्या घरातली प्रेमप्रकरणं. त्याच वर्षी विभावरी शिरूरकर या टोपणनावानं 'कळ्यांचे निःश्वास' आलं आणि मोठा गदारोळ उठला. शिकलेल्या, कमावत्या मुली, ज्यांचं लग्न काही ना काही कारणानं लांबत जातं. ही दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचा. एकात प्रेक्षागृह हसतंय, दुसऱ्यात खोलीत बसून कुणीतरी वाट बघतंय. आणि वर्ष एकच.

चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि काऊ हा तिसरा रस्ता. इथं गंमत लग्नानंतरची आहे. चाळकरी, कारकुनी, पोराबाळांतली. प्रेम हा शब्द क्वचितच येतो आणि तरी ते जाणवतं. आमचं मत विचाराल तर मराठीतली सगळ्यात टिकाऊ प्रेमकथा हीच. हेच जग 'लग्न पहावं करून' या नावानं १९४०मध्ये पडद्यावर आलं, पुढे दूरदर्शनवरही रमलं.

आणि अलीकडचं हवं असेल तर व. पु. काळ्यांची 'पार्टनर'. निव्वळ विनोदी म्हणता येणार नाही, शेवटाकडे ती जड होते. पण तिथं अडथळा बदललेला आहे. प्रेमाच्या आड सोवळं-ओवळं कमी आणि मुंबईतली जागा जास्त येते. दोन माणसांना एकांताला खोली नाही, ही तक्रार आपल्या गावातल्या नव्या जोडप्यालाही परकी वाटायची नाही.

पुस्तकं मिळवायची कशी, हे शेवटी सांगून टाकू. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी लेखन मुक्त होतं. देवल, गडकरी, कोल्हटकर केव्हाच मुक्त झालेत. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, म्हणजे २०२४पासून त्यांचंही लेखन सर्वांचं झालं. अत्रे १९६९ साली गेले, फडके १९७८ साली. त्यामुळे फडक्यांसाठी २०३९पर्यंत थांबावं लागेल. तोवर गावच्या वाचनालयात 'जादूगार' आहे का ते विचारा, आणि नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिहून या.