चाक आणि हब यांच्यामधली चकती

‘स्टेपनी’ हा शब्द पुण्यातल्या गॅरेजात काम करणाऱ्या पोरालाही ठाऊक असतो. पण तो एका रस्त्याच्या नावावरून आलेला आहे, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. वेल्समध्ये लानेली नावाचे गाव आहे. तेथल्या स्टेपनी स्ट्रीटवरील डेव्हिस बंधूंनी 1904 साली मोटारीसाठी एक जादा चाक तयार केले. त्या काळी मोटारीचे चाक सहजासहजी उतरवता येत नसे. टायर फुटला की भर रस्त्यात बसून तो उसवायचा, ठिगळ लावायचे आणि पुन्हा चढवायचा. डेव्हिस बंधूंचे चाक म्हणजे आरे नसलेली एक कडी होती व तिच्यावर हवा भरलेला टायर असे. फुटलेले चाक जागच्या जागी ठेवून त्याच्या अंगालाच ही कडी शिकंज्यांनी आवळायची आणि गाडी घरी न्यायची. पुढे उतरवता येणारी चाके आली, ती कडी नाहीशी झाली, पण नाव मात्र हिंदुस्थानात कायमचे राहिले.

मला या कडीत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मूळ चाकाला दुसरा तुकडा जोडण्याचा तो प्रयोग होता, परंतु तो घरापर्यंत पोहोचण्यापुरता होता. आज शौकीन लोक मोटारीचे चाक बाहेर काढण्यासाठी मध्ये स्पेसर घालतात, दुसऱ्या गाडीचे चाक बसवण्यासाठी अ‍ॅडॅप्टर लावतात, आणि काही महाभाग दोन्ही एकावर एक चढवतात. ही जोडणी घरापर्यंतची नसते. तिच्यावर खंडाळ्याचा घाट चढायचा असतो.

न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा श्रोते पायी किंवा टांग्यातून येत असतील. बेंझच्या मोटारीला पेटंट मिळायला अजून अकरा वर्षे होती. बैलगाडीचे चाक आखावर एका खिळीने अडवलेले असे. ती खीळ बाहेरून दिसत असे, आणि वंगण घालताना गाडीवानाची नजर आपोआप तिच्यावर जाई. चाक निखळू नये यासाठी माणसाने केलेली ही सर्वांत साधी योजना होय. मोटारीत त्या एका खिळीच्या जागी चार-पाच नट आले.

महायुद्धातल्या जीपने हे पाच नट आपल्या खेड्यापाड्यांत नेले. 1941 ते 1945 या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या पुष्कळ लष्करी लिलावांतून नागरिकांच्या हाती आल्या, आणि त्यानंतर लवकरच महिंद्र कंपनीने मुंबईत जीप जोडायला घेतली. त्या लष्करी जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या स्टडना उलटे आटे असत. चाक फिरताना नट सैल पडण्याऐवजी आवळला जावा, हा त्यामागचा हेतू. ज्या फिटरला हे ठाऊक नसे, तो उजवीकडच्या सवयीने जोर लावी आणि स्टड तोडून बसे. जीपची पाच भोके साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर होती. तेच माप आज 139.7 मिलिमीटर म्हणून ओळखले जाते आणि मारुती जिप्सीलाही तेच होते. लहान मोटारींत चार भोकांची 100 आणि 114.3 अशी दोन मापे पडली. एका मापाचे चाक दुसऱ्या मापाच्या हबवर बसत नाही. अ‍ॅडॅप्टरचा धंदा या अडचणीतून उभा राहिला.

येथे थोडे यंत्रशास्त्र सांगणे भाग आहे. गाडीचा भार स्टड आडवे पेलतात, असा सर्वसाधारण समज आहे, पण तो खरा नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि चाकाची थाळी हबवर घट्ट दाबतो. भार पेलते ते त्या दोन पृष्ठांमधले घर्षण. दाब कमी झाला की थाळी सूक्ष्म सरकू लागते आणि स्टड प्रत्येक फेऱ्याला वाकतो. दोन मीटर घेराचे चाक ताशी 60 किलोमीटर वेगात मिनिटाला पाचशे फेरे घेते. लोखंडी तार मागेपुढे वाकवून तोडतो, तसा तो स्टड एक दिवस तुटतो.

आता चकत्या मोजा. साध्या गाडीत हब आणि चाक यांच्यात दाबाचे एकच सांधे-पृष्ठ असते. मध्ये स्पेसर घातला की दोन होतात. स्पेसर व अ‍ॅडॅप्टर दोन्ही घातले की तीन. प्रत्येक पृष्ठावरचा गंज, रंग किंवा धूळ दाबाखाली बसते, आणि जितकी बसते तितका ताण उतरतो. शिवाय हबचा स्टड आहे तेवढ्याच लांबीचा राहतो. स्पेसरची जाडी त्यातून वजा होते आणि अ‍ॅडॅप्टरच्या नटाला उरलेले आटे मिळतात. 12 मिलिमीटरच्या स्टडवर नटाने निदान तेवढीच लांबी पकडावी, असा कारागिरांचा जुना नियम आहे. तो येथे सहज मोडतो. हबच्या मध्यावर चाक नीट बसवणारा उंचवटाही चकतीखाली बुडतो. 25 मिलिमीटरचे दोन तुकडे चढवले तर चाक 50 मिलिमीटर बाहेर जाते आणि बेअरिंगवर तेवढी तरफ वाढते.

सर्वांत वाईट गोष्ट पुढेच आहे. पाच नटांच्या चाकाला आता दहा नट झाले, आणि त्यांतले आतले पाच चाकाआड दडले. चाक उतरवल्याशिवाय ते ना दिसतात, ना त्यांना पाना लागतो. गाडीवानाची खीळ निदान डोळ्यांसमोर तरी होती!

चांगला, एकसंध घडवलेला, हबवर मध्यात बसणारा स्पेसर जगात वापरलाच जात नाही, असे मी म्हणत नाही. जर्मनीत तो चाचणीच्या दाखल्यासह विकला जातो आणि बसवल्यावर गाडी तपासून घेण्याची पद्धत आहे. पण तो दाखला त्या चकतीचा असतो. तिच्यावर दुसरी चढवली की दाखल्याला अर्थ उरत नाही.

आमच्या पुण्यात 1966 पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे. तिच्यावरून कोथरूडच्या बाजूची टेकडी लोक ‘एआरएआय टेकडी’ म्हणूनच ओळखतात. सुट्या भागांची नाना पेठही याच शहरात आहे. टेकडीवर पारखलेली गाडी पेठेतल्या मालाने बदलली जाते आणि त्या दोहोंमध्ये कोणी उभा नसतो. कायदा मात्र जुना आहे. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात फेरफाराची नोंद देण्याचे कलम होते. 1988 च्या कायद्यात ते 52 वे झाले. 2000 सालच्या दुरुस्तीने ते कडक केले. आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाही, असा निर्णय 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला यात एक गोष्ट खुपते. कारखान्यात नट किती जोराने आवळायचा याचा आकडा कामगाराला लेखी मिळतो, आणि मोजून आवळायचे हत्यारही मिळते. रस्त्याकडेच्या फिटरला यातले काहीच मिळत नाही. त्याला चकती गिऱ्हाईक आणून देते, घाई गिऱ्हाईक करते, आणि चाक निखळले की पहिली कॉलर त्याचीच धरली जाते.

म्हणून गॅरेजातल्या माझ्या मित्रांना मी एवढेच सांगतो, की एकावर एक तुकडे चढवायला साफ नकार द्यावा. एकच चकती बसवून मागितली, तर आधी तिचा दाखला मागावा व फेरफार नियमात बसतो का हे विचारावे. बसत असेल तर पृष्ठे घासून कोरडी करावीत, टॉर्क रेंच वापरावा, आणि बिलावर चकतीची जाडी, भोकांचे माप व आवळणीचा आकडा लिहावा. शंभर किलोमीटरच्या आत गाडी परत बोलवावी, चाक उतरवून आतले नट पुन्हा तपासावेत, आणि गाडी आली नाही तर तसेही त्याच बिलाच्या प्रतीवर तारखेनिशी टिपून ठेवावे.