पावकी, निमकी आणि नववी नापास

'इयत्ता' हा शब्द संस्कृत आहे आणि त्याचा मूळ अर्थ मोठा गमतीचा आहे. 'इतकेपणा' म्हणजे इयत्ता. एखादी वस्तू किती आहे त्याचे माप. शाळेच्या जिन्यातील पायऱ्यांना आपण हे नाव कधी दिले याची कोणाला आठवण राहिलेली नाही, परंतु तो जिना फारसा जुना नाही. त्याचे वय दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या पलीकडे जात नाही. त्यापूर्वी महाराष्ट्रात गणित न येणारी मुले नव्हती असे थोडेच आहे! पुष्कळ होती. मात्र 'आमचा मुलगा गणितात मागे पडला' हे वाक्य त्या वेळच्या आईबापांना उच्चारताच आले नसते. मागे पडायला पुढे धावणारी एक रांग असावी लागते, आणि ती रांगच तेव्हा नव्हती.

पंतोजीच्या शाळेचे चित्र डोळ्यांसमोर आणा. एखादी ओसरी, नाहीतर देवळाचा मंडप. दहा-पंधरा पोरे, कोणी सहा वर्षांचा, कोणी बारा वर्षांचा. एक धूळपाटीवर आकडे गिरवतो आहे, दुसरा वीसपर्यंतचे पाढे घोकतो आहे, तिसरा मोडीत हिशेब उतरवतो आहे. मोठा धाकट्याला सांगतो, पंतोजी सगळ्यांवर नजर ठेवतो. ज्याला जे आले त्याच्या पुढचे त्याने घ्यायचे, इतकाच अभ्यासक्रम. संध्याकाळी दिवेलागणीला घरी परवचा होई. स्तोत्रांच्या जोडीला पाढेही म्हटले जात, आणि शाळेत जे कच्चे राहिले ते आजोबांच्या समोर पक्के होई. म्हणजे अर्धी शाळा घरातच होती म्हणा ना!

परंतु ह्या चित्राला सोनेरी चौकट घालण्याची माझी तयारी नाही. छडी होती, उठाबशा होत्या, अर्थ न कळता घोकणे होते. आणि त्या ओसरीवर पाय ठेवण्याची मुभा कोणाला होती? मुलींना नाही, अस्पृश्य मानलेल्यांना नाही, कुणब्याच्या पोराला क्वचितच. त्या शाळेचे कौतुक करायचे तर एकाच गोष्टीचे करता येईल. प्रत्येक मूल जेथे असेल तेथून ती त्याला उचलीत असे.

ह्या पद्धतीचा एक धागा इंग्लंडातही गेला. मद्रासमधील अनाथ मुलांच्या शाळेवर असलेल्या अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मलबारी मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली, तोच प्रकार आपल्या शाळेत सुरू केला, आणि मोठ्यांनी धाकट्यांना शिकवण्याच्या पद्धतीवर १७९७ मध्ये लंडनला पुस्तक छापले. पुढे इंग्लंडनेच नेमकी उलट वाट धरली. १८६२ च्या नव्या नियमावलीने तेथे सहा इयत्ता ठरल्या. तपासनीस येणार, एकेका मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणितात परीक्षा घेणार, नि जितकी मुले उतरतील तितके पैसे शाळेला मिळणार. नापास मूल म्हणजे शाळेच्या पेटीतले कमी झालेले नाणे! निकालावर पैसे देण्याची ही तऱ्हा मुंबई इलाख्यातही आली. इकडे १८५५ मध्ये शिक्षणखाते सुरू झाले होते, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक. जिना पुरा झाला. मुलाचे 'इतकेपण' आता पायरीवरून ठरू लागले.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. वास्तविक 'मॅट्रिक' हे नाव आपल्याकडे १९४९ मध्ये एस. एस. सी. ची पहिली परीक्षा झाली तेव्हाच मागे पडले. पण आमच्या घरात दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात, आणि मला तो शब्द आवडतो. कादंबऱ्या लिहून उरलेल्या वेळात मी शाळेत मराठी शिकवते, की शाळेतून उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते, हे मलाही नीटसे सांगता येणार नाही. गणिताशी माझा संबंध वाण्याच्या बिलापुरता. असे असता २०२३ च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीचा मुलगा नववीत नापास झाला आणि तिने त्याला माझ्याकडे आणून सोडले. पोर पंधरा वर्षांचे. "ताई, तो पुन्हा त्याच वर्गात बसायला तयार नाही. शाळेचे नाव काढले की जेवत नाही," एवढे बोलून ती रडू लागली.

त्याच्या नापास होण्याला मी इतिहास म्हणते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवण्याची वाट बंद केली. पुढे २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीपुरती ती राज्यांच्या मर्जीवर आली. पण हा मुलगा त्या दोन्ही पायऱ्या वर ढकलला जाऊनच चढला. हेतू चांगला होता. छडीने नि नापासाच्या शिक्क्याने लाखो मुले शाळेबाहेर गेली होती. परंतु ढकलणाऱ्या हाताने ढकलताना शिकवायचेही होते, ते राहून गेले. त्यातच २०२० साली शाळांना कुलूप लागले. भाच्याची सातवी-आठवी मोबाईलच्या काचेवर झाली. आठवीपर्यंत भोक झाकलेले राहिले. नववीत पांघरूण निघाले.

घरी शिकवायचे म्हटले की आपल्याकडे लगेच थोरांचे दाखले निघतात. लोकमान्यांना त्यांच्या वडिलांनी, गंगाधरपंतांनी, संस्कृत नि गणित घरी शिकवले, हा दाखला तर हटकून. गंगाधरपंत स्वतः शिक्षक होते, शिवाय मुलगा टिळक होता. ज्या बाईच्या पोराला अपूर्णांकाची बेरीज येत नाही तिला ह्या दाखल्याचा काय उपयोग?

पहिल्या दिवशी मी त्याला अर्धा अधिक एक तृतीयांश घालून पाहिले. त्याने झटकन लिहिले, दोन पंचमांश. वरच्यात वरचा, खालच्यात खालचा. मी चूक म्हटले नाही. विचारले, "अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला. आता ती अर्धीपेक्षा जास्त की कमी?" तो म्हणाला, "मावशी, जास्तच ना!" मग मी दोन पंचमांश भाकरी काढायला सांगितली. ती अर्धीपेक्षा लहान निघाली. तो कागदाकडे बघत बसला आणि मग स्वतःशीच हसला. आठ वर्षांत ह्या आकड्यांना काही आकार असतो हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ते चिन्हांचे देवघर होते. शिवायचे नाही, नुसता मंत्र म्हणायचा.

आणि आकार तर त्याच्या जिभेवर होते! मराठीइतकी अपूर्णांकांनी भरलेली बोली थोड्या असतील. सव्वा म्हणजे सपाद, एका पावासकट. पाऊण म्हणजे पादोन, एक पाव उणा. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासह. एके दिवशी त्यानेच विचारले, "साडेतीन असते, मग साडेएक का नसते?" त्या प्रश्नावर आमचा आठवडा गेला. दीड आणि अडीच हे शब्द निराळ्याच तऱ्हेने घडले आहेत. अडीच म्हणजे अर्धतृतीय, ज्यातला तिसरा अर्धाच आहे. दीडमध्ये दुसरा अर्धा. आणि साडेतीनालाही असाच एक शब्द होता, औट. अर्धचतुर्थ, ज्यातला चौथा अर्धा. ज्ञानेश्वरीच्या काळापासूनचा हा शब्द आता देहाच्या औट हातांपुरता उरला आहे.

औट ऐकताच कोपऱ्यात तांदूळ निवडणारी माझी आई म्हणाली, "अरे, आम्हाला औटकी होती की!" तिचा जन्म १९४५ चा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही सारी माळ ती शाळेत शिकली. साधे पाढे वेगळे, हे अपूर्णांकांचे. पावकीत एकाचा पाव, दोनांचा अर्धा, तिनांचा पाऊण, चारांचा एक असे शंभरापर्यंत चढत जायचे. अडीचकीत सातांचे साडेसतरा. आईला पावकी-निमकी अजून येते, दिडकीत ती अडखळते, आणि औटकीत तर नातवाने तिची एक चूक काढली. कागदावर गुणून! त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला.

ही माळ तुटली कशी याची तारीख सांगता येते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. मणाचे चाळीस शेर. जेथे सारे सोळांत आणि चाळिसांत चालते तेथे पाव-अर्धा हाच खरा हिशेब. हा सोळांचा संसार फार जुना. भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची. तिच्या आरंभीच्या कोष्टकातही सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क आहे. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले. एप्रिल १९६२ पर्यंत शेर-मण जाऊन किलो सक्तीचा झाला. शाळांनी औटकी टाकली आणि तिच्यामागून बाकीच्याही गेल्या. दशांश सोपा आहे, मी त्याविरुद्ध नाही. पण ०.७५ ऐकताना कानात काही वाजत नाही. पाऊण म्हटले की ताटातली भाकरी दिसते. पंचवीस पैशांचे नाणेही ३० जून २०११ नंतर बाद झाले. माझ्या भाच्याने चार आणे हातात धरलेच नाहीत.

"पण हे कशाला शिकायचे?" हा प्रश्न तो विचारणारच होता. उत्तर मी जोतीरावांकडून घेतले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शाळांसाठी जे विषय मागितले त्यांत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब मागितला होता, शेतीची प्राथमिक माहिती मागितली होती. मागण्याचे कारण सात वर्षांपूर्वीच घडले होते. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला, तो वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. ठिकठिकाणी त्यांनी हिशेबाच्या वह्या नि कर्जरोखे ओढून काढून जाळले. जे वाचता येत नव्हते, मोजता येत नव्हते, ते जाळता तरी येत होते. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला.

मी भाच्यापुढे एक गणित ठेवले. समजा, शंभर रुपये कर्ज, रुपयाला दरमहा अर्धा आणा व्याज. ऐकायला अर्धा आणा म्हणजे काहीच नाही. महिन्याचे पन्नास आणे, म्हणजे तीन रुपये दोन आणे. वर्षाचे साडेसदतीस रुपये. सावकार ते मुदलात घालतो आणि दुसऱ्या वर्षाचे व्याज होते एकावन्न रुपये नऊ आणे. दोन वर्षांत शंभराचे एकशे एकोणनव्वद रुपये एक आणा! भाच्याने दोनदा ताडून पाहिले. मग त्याने आपल्या वडिलांच्या मोटारसायकलीच्या हप्त्यांचा कागद मागवून घेतला. त्या कागदावर त्याने चार दिवस काढले, नि त्या चार दिवसांत तो टक्केवारी शिकला.

वजाबाकीत हातचा घेताना मात्र तो घसरत असे आणि नुसत्या उदाहरणांना कंटाळे. तेथे देवळालीचे कापरेकर मास्तर मदतीला आले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, १९०५ ते १९८६, जन्मभर शाळामास्तर. त्यांनी १९४९ मध्ये शोधलेली संख्या ६१७४ आज जगभर त्यांच्या नावाने ओळखतात. चार आकड्यांची कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. ते उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजा करा. उत्तराचे पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ येते आणि तेथेच थांबते. भाच्याने आपले जन्मसाल घेतले, २००८. ८२०० तून ००२८ गेले, राहिले ८१७२. मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सहाव्या पावलाला ६१७४. एकदा त्याला भलतेच उत्तर आले, मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "हातचा विसरला असणार, नाहीतर इथे यायलाच पाहिजे." त्या पावसाळ्यात त्याने दोन वह्या भरल्या. आमच्या गल्लीतील सर्व मोटारींचे क्रमांक ६१७४ ला पोचवून झाले.

पहिले सहा महिने आम्ही नववीचे पुस्तक उघडले नाही. बहीण दर रविवारी फोन करी आणि विचारी, "ताई, कितवीपर्यंत आलात?" मी सांगे, "पाचवीत आहोत." पलीकडे काही वेळ शांतता असे. पुढची नववी नि दहावी मिळून मात्र आठ महिन्यांत उरकली. बीजगणितात फारसा त्रास झाला नाही. भूमितीतील सिद्धता त्याला शेवटपर्यंत रुचल्या नाहीत, त्या आम्ही निम्म्या सोडूनच दिल्या. शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म असतो; तो भरून २०२५ मध्ये तो दहावीला बसला. गणितात शंभरांत बेचाळीस. बहिणीने पेढे वाटले. तिच्या शेजारणीच्या मुलीला सत्त्याण्णव होते आणि तिच्या घरी तोंडे पडलेली होती.

आता तो आयटीआयत नळकामाचा अभ्यासक्रम करतो. परवा सुट्टीत आला तेव्हा आजीला सांगत होता की, नळाच्या दुकानात पाऊण इंची, सव्वा इंची, दीड इंची, अडीच इंची असेच पाइप मागतात आणि इंचाच्या आठव्या हिश्शाला सूत म्हणतात. औट इंची मात्र अजून कोणी मागितलेला त्याने ऐकला नाही.