पांढरा फॉस्फरस आणि आगकाडी-कामगार : संरक्षण-नियोजनाच्या इतिहासातील एक अध्याय

घातक द्रव्यांपासून कामगारांचे संरक्षण कसे करावे, या प्रश्नाचा इतिहास सामान्यतः कायद्यांच्या कालानुक्रमाने सांगितला जातो. त्यामुळे कायद्यांमागील योजनेची दृष्टी कशी पालटत गेली, हे मात्र झाकलेले राहते. या बाबतीत पांढऱ्या फॉस्फरसच्या आगकाड्यांचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. येथे रोग, त्याचे कारण आणि निर्धोक पर्याय ही तिन्ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच ज्ञात झाली होती. तथापि रोगाच्या निर्मूलनास आणखी अर्धशतक खर्ची पडले.

१८३० नंतर कोठेही घासली असता पेट घेणारी आगकाडी युरोपात रूढ झाली. १८४५ मध्ये व्हिएन्ना येथील लोरिन्सर या वैद्याने तिच्या कारखान्यांतील जबड्याच्या रोगाचे वर्णन केले. फॉस्फरसच्या वाफा किडक्या दातांवाटे हाडापर्यंत पोहोचतात, असे तत्कालीन वैद्यांचे मत होते. हाड कुजे, पू वाहे, चेहरा विद्रूप होई आणि कित्येकदा जबडा काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसे. मिश्रण कालवणारे, काड्या बुडवणारे आणि पेट्या भरणारे यांना हा धोका सर्वाधिक होता.

पहिली उपाययोजना कामगाराच्या शरीराभोवती रचली गेली. दातांची तपासणी, हातांची स्वच्छता, खेळती हवा, बुडवणीची स्वतंत्र खोली ही तिची अंगे होत. हे उपाय निरर्थक नव्हते. १८८८ च्या जुलैत लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यातील सुमारे १,४०० स्त्रिया व मुलींनी संप केला. ॲनी बेझंट यांच्या लेखाने या संपाकडे लोकांचे लक्ष वेधले होते. दंड व मजुरी या प्रमुख तक्रारी होत्या. परंतु फॉस्फरसपासून दूर, स्वतंत्र जागी जेवण्याची सोय हेही तडजोडीतील एक कलम होते. अन्नाबरोबर विष पोटात जाऊ नये, ही मागणी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून आली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

परंतु या योजनेत एक मूलभूत वैगुण्य होते. ती रोग उघड होण्यावर अवलंबून होती आणि रोग उघड करणे कोणाच्याच सोयीचे नव्हते. दातदुखी सांगावी तर रोजगार जाण्याची भीती. प्रकरण कळवावे तर कारखान्याची अपकीर्ती. १८९५ च्या ब्रिटिश कायद्याने फॉस्फरसबाधेची सूचना देणे बंधनकारक केले. तरीही १८९८ मध्ये याच कारखान्याने १७ प्रकरणे दडवल्याचे सिद्ध झाले. त्यांपैकी ६ जण मरण पावले होते. दंड झाला तो अवघा २५ पौंड ९ शिलिंगांचा. नियम होता, परंतु तो मोडणे पाळण्याहून स्वस्त होते.

तेव्हा द्रव्यच हटवणे हा दुसरा मार्ग उरला. तांबड्या फॉस्फरसची निर्धोक आगकाडी १८५० च्या दशकात स्वीडनमध्ये तयार होऊ लागली होती. तथापि ती विशिष्ट पृष्ठावरच पेटे; ग्राहकाला स्वस्त आणि कोठेही पेटणारी काडी हवी होती. फिनलंडने १८७२ मध्ये व डेन्मार्कने १८७४ मध्ये पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी घातली. स्वित्झर्लंडने १८७९ मध्ये घातलेली बंदी मात्र १८८२ मध्ये मागे घेतली. कारण चोरटे घरगुती उत्पादन वाढले व धोका कारखान्यातून झोपडीत गेला. पुढे १८९८ मध्ये फ्रान्समध्ये सेव्हेन व काहेन यांनी फॉस्फरस सेस्क्विसल्फाइडची काडी सिद्ध केली. तीही कोठेही पेटत असल्याने ग्राहकाच्या सवयीची सबब उरली नाही.

उरली ती स्पर्धेची सबब : एका देशाने बंदी घालावी आणि शेजाऱ्याने बाजारपेठ बळकवावी. तिचे उत्तर १९०६ च्या बर्न करारात मिळाले. आरंभी ७ राष्ट्रांनी त्यावर सह्या केल्या. ब्रिटनने १९०८ मध्ये कायदा केला व तो १९१० पासून अमलात आला. अमेरिकेने १९१२ मध्ये दर शंभर काड्यांवर २ सेंटांचा जबर कर बसवून हा धंदाच अशक्य केला. भारतातही १९१३ च्या ५ व्या अधिनियमाने अशा आगकाड्यांची आयात, निर्मिती व विक्री निषिद्ध ठरली.

या अर्धशतकात योजनेचा रोख कसा बदलला, हे नियमांच्या भाषेतही दिसते. आरंभीच्या नियमांचा बराच भार कामगाराने काय करावे यावर होता. अखेरच्या कायद्याचा विषय द्रव्य हाच झाला. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये भारतीय कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगारांना देण्याचे बंधन आले. माहिती दडवण्याचा जुना रोग आगकाडीबरोबर संपला नव्हता, याचीच ती कबुली होय. मुखवटा, हातमोजे व तपासणी यांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु ती योजनेची अखेरची पायरी होय. हे द्रव्य वापरणे मुळात अपरिहार्य आहे काय, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. तो विचारण्यास झालेल्या विलंबाची किंमत आगकाडी-कामगारांनी आपल्या जबड्यांनी मोजली.