तुलनाचिन्हे : ‘अधिक’ की ‘अधिक किंवा समान’?

बँकेतील खाती असोत, रेल्वेची आरक्षणे असोत वा मतदारयादी. ही सारी माहिती आज संगणकातील तक्त्यांमध्ये साठविलेली असते. लाखो नोंदींमधून हव्या तेवढ्याच वेगळ्या काढण्यासाठी संगणकाला जी विचारणा करावी लागते, तिला ‘क्वेरी’ म्हणतात. कोणती नोंद घ्यावयाची आणि कोणती वगळावयाची, याचा निवाडा या विचारणेतील तुलनाचिन्हे करतात.

माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत मांडण्याची कल्पना आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये एका निबंधाद्वारे मांडली. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये तिच्यासाठी ‘सीक्वेल’ ही भाषा सुचविली. तीच पुढे ‘एसक्यूएल’ झाली. या भाषेत ‘व्हेअर’ या शब्दानंतर अट लिहितात. उदाहरणार्थ, ‘व्हेअर शिल्लक < ५०००’ असे लिहिल्यास पाच हजारांहून कमी शिल्लक असलेली खाती तेवढी समोर येतात. चिन्हे मोजकीच : =, <>, <, >, <= आणि >=. पैकी <> म्हणजे ‘समान नाही’. गणिताच्या वहीतील ≤ हे चिन्ह कळफलकावर नसल्याने त्याऐवजी दोन चिन्हे लागोपाठ टंकित करतात.

खरा प्रश्न येतो तो सीमेवरच्या नोंदींचा. १९८९ मध्ये अमलात आलेल्या ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदाराचे किमान वय २१ वरून १८ वर्षे झाले. वय अठरापेक्षा कमी नसावे, अशी अट असल्याने येथे >= हवे; नुसते > नव्हे. जन्मतारखेवरून शोध घेताना मात्र चिन्हाची दिशा उलटते, कारण वय जितके अधिक तितकी तारीख मागची. १ जानेवारी २०२६ या अर्हता दिनांकासाठी अट होईल : जन्मतारीख <= ‘२००८-०१-०१’. यातील बरोबरीचे चिन्ह गळले, तर त्याच दिवशी जन्मलेला प्रत्येक नवमतदार यादीबाहेर राहील आणि संगणक चुकीची सूचनाही देणार नाही. सीमेवरची माणसे थोडीच असतात, हा समजही खरा नव्हे. महाराष्ट्रात एका पिढीला शाळेत नाव घालताना गुरुजींनीच १ जून ही जन्मतारीख बहाल केली. जन्मतारखेची मर्यादा १ जून असेल, तर एका चिन्हाच्या चुकीने या साऱ्यांनाच फटका बसेल.

दोन मर्यादांमधील नोंदींसाठी ‘बिट्वीन’ हा शब्द आहे. तो दोन्ही टोके धरतो. परंतु रकान्यात तारखेसोबत वेळही असेल, तर नुसत्या ‘३१ मार्च’चा अर्थ सामान्यतः त्या दिवसाची मध्यरात्र, म्हणजे शून्य तास, असा घेतला जातो. परिणामी आर्थिक वर्षाच्या अखेरच्या, ऐन गर्दीच्या दिवसाचे व्यवहार हिशेबातून निसटतात. त्यापेक्षा ‘>= १ एप्रिल’ आणि ‘< पुढील वर्षाचा १ एप्रिल’ ही जोडी निर्धोक. रकान्याचा प्रकारही पाहावा लागतो. अंक मजकूर म्हणून साठविले असतील, तर तुलना शब्दकोशासारखी एकेका अक्षराने होते आणि ‘१००’ हे ‘९’ हून लहान ठरते.

सर्वांत फसवी असते ती रिकामी जागा. माहिती उपलब्ध नसल्याची खूण म्हणजे ‘नल’. ते शून्य नव्हे. ‘शहर = पुणे’ आणि ‘शहर <> पुणे’ अशा दोन याद्या काढल्या, तर त्यांची बेरीज एकूण नोंदींइतकी यावी, असे कोणालाही वाटेल. पण ज्यांचे शहर नोंदलेलेच नाही, ती माणसे दोन्ही याद्यांत सापडत नाहीत. अज्ञात शहर पुणे आहे की नाही, याचे उत्तर ‘होय’ही नाही आणि ‘नाही’ही नाही, ते ‘अज्ञात’च राहते. ‘व्हेअर’ मात्र केवळ ‘होय’ ठरलेल्या नोंदी स्वीकारते. ‘शहर = नल’ असे लिहूनही त्या हाती लागत नाहीत, कारण दोन अज्ञात गोष्टी समान आहेत असेही म्हणता येत नाही. त्यासाठी ‘इज नल’ ही स्वतंत्र अट आहे. पुण्याबाहेरच्यांची यादी करताना ‘शहर <> पुणे ऑर शहर इज नल’ असे लिहिले, तर शहराची नोंद नसलेली माणसेही यादीत येतात आणि त्यांच्याकडे विचारपूस करता येते.